आघाडी अडली म्हणून

१० जुलै १९४३ रोजी दोस्त फौजा सिसिलीत उतरल्या, २५ जुलैला मुसोलिनीची उचलबांगडी झाली, ८ सप्टेंबरला इटलीचा युद्धविराम जाहीर झाला. युद्ध आता संपलंच, असं अनेकांना वाटलं. झालं भलतंच. जर्मनांनी रोम घेतलं आणि दक्षिणेच्या डोंगरांत गुस्ताव्ह बचावफळी उभी केली.

त्याच सप्टेंबरात आल्बेर्तो मोराविया आणि एल्सा मोरांते हे लेखक जोडपं रोममधून नेपल्सकडे पळालं. आघाडी अडली आणि दोघंही फोंदीजवळच्या डोंगरात, एका झोपडीत मे १९४४ पर्यंत अडकली. याच बचावफळीतल्या डोंगरावरचा कास्सिनोचा मठ १५ फेब्रुवारी १९४४ ला दोस्तांच्या बॉम्बफेकीत जमीनदोस्त झाला, पण त्यांच्या हाती आला १८ मे रोजी. त्याआधी ११ मेच्या रात्री ८ व्या भारतीय डिव्हिजनने पायथ्याची गारी नदी ओलांडायला सुरुवात केली होती. (आघाडी उत्तरेला सरकल्यावर, १० जुलै १९४४ रोजी, टायबरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले हे घाडगे रायगडातल्या माणगाव भागातले.)

त्या झोपडीतले महिने मोरावियाने १९५७ च्या ‘ला चोचारा’ या कादंबरीत वापरले. विधवा दुकानदारीण चेझिरा लेकीला घेऊन डोंगरात जाते. तिला चिंता पिठाची, तेलाची; लढाई कुठवर आली, हे ती त्याच हिशेबात मोजते. घाला येतो तो जर्मन गेल्यावर, दोस्तांच्या बाजूने लढणाऱ्या मोरोक्की सैनिकांकडून. हा प्रसंग मनचा नाही: फ्रेंच सेनेतल्या या तुकड्यांनी मे १९४४ मध्ये त्या भागात बायकांवर खरोखरच अत्याचार केले होते.

मोरांतेची कादंबरी ‘ला स्तोरिया’ यायला १९७४ उजाडलं. मला ती जास्त धीट वाटते. प्रत्येक वर्षाच्या आरंभी जगाच्या घडामोडींची बारीक टाइपातली जंत्री, आणि मग शिक्षिका इदा व तिची दोन मुलं. धाकट्या उझेप्पेचा बाप इदावर बलात्कार करणारा जर्मन शिपाई. आफ्रिकेकडे निघालेला तो भूमध्य समुद्रावरच मरतो. १९ जुलै १९४३ ला रोमच्या सान लोरेन्झो वस्तीवर बॉम्ब पडतात, तेव्हा इदा उझेप्पेला घेऊन बाजारातून परतत असते. घर जातं, ब्लिट्झ नावाचा कुत्राही जातो.

मोरांतेच्या हट्टामुळे पुस्तक थेट स्वस्त कागदी बांधणीत निघालं, किंमत २,००० लिरा.