पाच वर्ल्ड सिरीज, पाच पराभव : फ्रेड मर्कल आणि त्याच्या वाटेचे इतर

२३ सप्टेंबर १९०८. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स आणि शिकागो कब्ज हे अमेरिकन बेसबॉल संघ १-१ अशा बरोबरीत होते. शेवटची इनिंग सुरू होती आणि दोन गडी बाद झाले होते. पहिल्या बेसवर, म्हणजे धाव पुरी करायच्या चार टप्प्यांपैकी पहिल्यावर, उभा होता जायंट्सचा १९ वर्षांचा फ्रेड मर्कल. नेहमीचा खेळाडू दुखण्याने बसला, म्हणून त्याला त्या मोसमात प्रथमच सुरुवातीपासून खेळायला मिळालं होतं. पुढच्या फलंदाजाने हिट मारली, तिसऱ्या बेसवरचा सहकारी शेवटच्या ‘होम’ बेसवर पोचला आणि सामना जिंकला असं समजून प्रेक्षक मैदानात घुसले. ती गर्दी पाहून मर्कल दुसऱ्या बेसला न शिवताच वळला. अशा वेळी तेव्हाचे बहुतेक खेळाडू हेच करत. पण मर्कलने दुसरा बेस गाठायलाच हवा होता, या नियमावर कब्जच्या जॉनी एव्हर्सने बोट ठेवलं आणि पंच हँक ओडे यांनी मर्कलला बाद दिलं. विजयी धाव रद्द झाली, सामना बरोबरीत सुटला. मोसमाअखेर दोन्ही संघ सारख्याच विजयांवर थांबले, म्हणून ८ ऑक्टोबरला तो सामना पुन्हा खेळवला गेला आणि कब्ज जिंकले.

त्या दिवसापासून मर्कलला ‘बोनहेड’, म्हणजे मठ्ठ, हे नाव चिकटलं. त्याचे प्रशिक्षक जॉन मॅकग्रॉ यांनी मात्र त्याला कधी दोष दिला नाही.

त्या एका बेसमुळे आणखी एका माणसाचं नशीब ठरलं. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाचा विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेत, कब्जसमोर डेट्रॉइट टायगर्स होते आणि त्यांच्याकडे होता टाय कॉब. डेट्रॉइट १९०७ मध्ये कब्जकडूनच हरले होते, १९०८ मध्ये पुन्हा हरले, आणि १९०९ मध्ये पिट्सबर्गने सातव्या सामन्यात त्यांना हरवलं. तिसऱ्या पराभवाच्या वेळी कॉब अवघ्या २२ वर्षांचा होता. पुढे तो १९२८ पर्यंत खेळला, चार हजारांहून जास्त हिट्स त्याच्या नावावर जमा झाल्या, पण वर्ल्ड सिरीजचं मैदान त्याला परत दिसलं नाही. शेवटची दोन वर्षं तो फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सकडे होता. त्याने खेळ सोडला आणि पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, ॲथलेटिक्स विजेते झाले.

इतका मोठा खेळाडू एकदाही विजेता कसा झाला नाही, हे क्रिकेट पाहून वाढलेल्या वाचकाला पटकन उमगत नाही. आपल्याकडे एखादा फलंदाज टिकला तर एकट्याच्या बळावर सामना काढून देतो. बेसबॉलमध्ये एकदा खेळून झालं की उरलेल्या आठ जणांची पाळी होईपर्यंत थांबावं लागतं. सामन्यात जेमतेम चार-पाच वेळा बॅट हातात येते. शिवाय समोरचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मुद्दाम बाहेरचे चेंडू टाकून फलंदाजाला फुकट पहिला बेस देऊ शकतो. २००२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बॅरी बाँड्सने चार होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले, तर तेरा वेळा त्याला चालत पहिल्या बेसवर जावं लागलं. त्याचा संघ सातव्या सामन्यात हरला. त्यामुळे ‘याला कधी जिंकता आलं नाही’ हे वाक्य एका खेळाडूच्या नावावर लिहिणं मला अन्यायाचं वाटतं.

मर्कलची पुढची कहाणी कमी लोकांना ठाऊक असते. तो जायंट्सचा पहिला बेस सांभाळणारा नेहमीचा खेळाडू झाला आणि १९११, १९१२, १९१३ अशी ओळीने तीन वर्षं वर्ल्ड सिरीज खेळला. तिन्ही वेळा संघ हरला. त्यातली १९१२ ची हार जिवाला लागण्यासारखी आहे. निर्णायक सामन्यात दहाव्या इनिंगला मर्कलनेच हिट मारून संघाला आघाडी मिळवून दिली होती. पण बॉस्टनच्या पाळीत आधी जायंट्सच्या स्नॉडग्रासच्या हातून सोपा झेल सुटला. मग बॉस्टनच्या ट्रिस स्पीकरने उंच उडवलेला चेंडू मर्कल, कॅचर (यष्टिरक्षकासारखा) मायर्स आणि पिचर मॅथ्यूसन या तिघांच्या मधोमध पडला. जीवदान मिळालेल्या स्पीकरने बरोबरी साधून दिली आणि बॉस्टनने ३-२ ने बाजी मारली. हातातोंडाशी आलेला घास गेला.

ऑगस्ट १९१६ मध्ये जायंट्सने त्याला ब्रुकलिनला दिलं. ब्रुकलिन त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजला पोचलं आणि बॉस्टनकडून हरलं. मग तो कब्जकडे गेला, ज्यांना त्याच्या त्या चुकीचा फायदा झाला होता त्यांच्याचकडे. १९१८ मध्ये कब्जही बॉस्टनकडूनच हरले. आठ वर्षांत तीन संघांकडून पाच वर्ल्ड सिरीज, पाचही पराभव.

हे संघ त्याने निवडलेले नव्हते. १९७५ पर्यंत तिथे ‘रिझर्व्ह क्लॉज’ चालत असे. करार संपला तरी खेळाडूवर हक्क संघाचाच, मालक म्हणेल तिथे जायचं. विजेत्या संघात जाणं खेळाडूच्या हातात नव्हतं, तसंच त्यातून काढलं जाणंही.

दुसऱ्या गोष्टीचा चटका ब्रुकलिन डॉजर्सचा पिचर प्रीचर रो आणि त्याचा सहकारी बिली कॉक्स यांना बसला. डॉजर्सचे चाहते दर पराभवानंतर ‘थांबा, पुढच्या वर्षी’ म्हणत. रो आणि कॉक्स १९४९, १९५२ आणि १९५३ मध्ये वर्ल्ड सिरीज खेळले आणि तिन्ही वेळा न्यूयॉर्क यांकीजकडून हरले. १९४९ चा दुसरा सामना रोने यांकीजला एकही धाव न देता १-० ने जिंकून दिला होता. डिसेंबर १९५४ मध्ये डॉजर्सने दोघांनाही बाल्टिमोरला देऊन टाकलं. रोने निवृत्ती घेतली, कॉक्स बाल्टिमोरकडून खेळला. ४ ऑक्टोबर १९५५ रोजी यांकी स्टेडियमवर सातवा सामना २-० ने जिंकून ब्रुकलिन पहिल्यांदा विजेतं झालं.