थ्रेड नेमका कुठे थांबवायचा?

आपल्याच प्रोग्रॅमने बनवलेले दोन थ्रेड (म्हणजे स्वतंत्रपणे पुढे सरकणारी कामं) प्रोसेसरच्या एकाच कोअरवर आलटूनपालटून चालवायचे, तर सर्वात सोपा मार्ग म्हणजे प्रत्येकाने आपणहून थांबून दुसऱ्याला वाट द्यायची. पण एखादा थ्रेड लांबलचक लूपमध्ये शिरला आणि त्यात थांबण्याची ओळच नसली, की बाकीचे ताटकळत राहतात. मग घड्याळाची मदत घ्यावी लागते.

युनिक्सच्या घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्यासाठी 'सेटआयटायमर' हे गजर लावणारं फंक्शन आहे. दर १० मिलिसेकंदांनी 'सिगअलार्म' हा सिग्नल (चालू प्रोग्रॅमला मधेच दिलेली सूचना) पाठव, असं कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, सांगून ठेवायचं. सिग्नल आला की कर्नल चालू थ्रेडचे सगळे रजिस्टर (प्रोसेसरमध्ये त्या क्षणी असलेली मूल्यं) त्याच्याच स्टॅकवर (थ्रेडच्या कामचलाऊ मेमरीत) लिहून ठेवतो आणि आपला हँडलर, म्हणजे सिग्नलसाठी आपण लिहिलेलं फंक्शन, बोलावतो. खरी करामत इथे आहे. हँडलर स्टॅक पॉइंटर (स्टॅकची जागा दाखवणारा रजिस्टर) बदलून दुसऱ्या थ्रेडच्या स्टॅकवर जातो. तो थ्रेडही मागे अशाच एका हँडलरमध्ये अडकून पडलेला असतो. त्यामुळे शिरताना हँडलर एका थ्रेडमधून शिरतो आणि बाहेर पडतो दुसऱ्याच थ्रेडमध्ये! हे मी पहिल्यांदा चालताना पाहिलं, तेव्हा कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसलो होतो.

नवा थ्रेड पहिल्यांदाच सुरू होत असेल, तर मात्र जपायला हवं. हँडलर चालू असताना तो सिग्नल बंद ठेवलेला असतो. नव्या थ्रेडला परतण्यासाठी जुना हँडलरच नसतो, म्हणून सिग्नल हाताने उघडावा लागतो. ते राहिलं तर एकदाच अदलाबदल होते आणि पुढे घड्याळ कुणाला ऐकूच येत नाही.

याहून अवघड प्रश्न म्हणजे सिग्नल कुठेही येतो. समजा, एक थ्रेड 'मॅलॉक'मध्ये, म्हणजे मेमरीचा तुकडा मागणाऱ्या सी भाषेतल्या फंक्शनमध्ये आहे. मोकळ्या तुकड्यांच्या यादीतून त्याने एक तुकडा निवडला, पण यादीचा पुढचा दुवा अजून बदललेला नाही. नेमकी तिथेच वेळ भरली. दुसरा थ्रेडही मॅलॉक करतो आणि तोच तुकडा उचलतो. आता एकाच जागेचे दोन मालक झाले. कर्नलच्या लेखी इथे एकच थ्रेड असल्यामुळे सी लायब्ररीलाही सावध राहायचं कारण दिसत नाही. अर्धवट राहिलेल्या कामाच्या अशाच धोक्यामुळे हँडलरमध्ये मजकूर छापणारं 'प्रिंटएफ' चालत नाही, मजकूर थेट कर्नलकडे देणारं 'राइट' चालतं.

मधेच थांबवू नये अशा नाजूक भागाआधी सिग्नल बंद करून नंतर उघडता येतो, पण त्यासाठी दर वेळी कर्नलकडे दोन फेऱ्या माराव्या लागतात. मला दुसरी रीत जास्त पटते. नाजूक भागात शिरताना 'आत्ता नको' असा झेंडा लावायचा. हँडलरने तो पाहून 'वेळ झाली' एवढीच खूण करून परतायचं. नाजूक भाग संपला, की थ्रेडने ती खूण पाहून आपणहून बाजूला व्हायचं.

'गो' या प्रोग्रॅमिंग भाषेनेही फेब्रुवारी २०२० मध्ये, १.१४ या आवृत्तीत सिग्नलचा आधार घेतला. त्याआधी ज्यात एकही फंक्शन बोलावलेलं नाही असा घट्ट लूप मधेच थांबवता येत नसे, आणि कचरा गोळा करणारी, म्हणजे न लागणारी मेमरी मोकळी करणारी यंत्रणाही त्याच्यासाठी खोळंबायची. आता साधारण १० मिलिसेकंदांहून जास्त चाललेल्या कामाला 'सिगअर्ज' हा सिग्नल जातो. तिथला हँडलर आधी पाहतो, की आपण थांबलोय ती जागा सुरक्षित आहे का. नसेल, तर थ्रेडला हात न लावता परत फिरतो आणि काही वेळाने पुन्हा प्रयत्न होतो.