मासे ठणठणीत आहेत, म्हणजे टाकीत करंट नाही?

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांमध्ये हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो जिवावर बेतू शकतो.

काचेची टाकी जमिनीपासून विलग असते. हीटरची काच तडकून फेज पाण्यात उतरला, तरी करंटला बाहेर पडायला वाटच नसते. पाणी आणि मासा जवळपास एकाच विद्युतदाबावर राहतात, म्हणून मासा निवांत पोहतो. तुम्ही जमिनीवर उभं राहून हात घातलात, की वाट तयार होते, तुमच्या शरीरातून.

उलट, मल्टिमीटरवर दिसणारे 30-40 व्होल्ट पुष्कळदा पंपाच्या कॉइलमुळे नुसते प्रेरित झालेले असतात, म्हणजे करंटची खरी गळती नसते. फक्त आकडा पाहून निष्कर्ष काढू नका.

एमसीबीवर (जादा करंट आला की वीज तोडणाऱ्या स्विचवर) विसंबणं तर चूकच. तो वायरिंग वाचवतो, माणूस नाही. 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच, हवाच, आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा. पाण्यात अर्थिंग प्रोब (पाणी अर्थिंगला जोडणारी धातूची कांडी) सोडायचा तर आरसीसीबी बसवल्यावरच, नाहीतर बिघाड झाल्यावर करंट पाण्यातून वाहतच राहील.

प्लगवर मिठाचा पांढरा थर दिसला, तर वीज बंद करून तो लगेच पुसा. ओलावा लागला की त्यातूनही वीज झिरपते.