गाबाच्या गोळीने बुजरेपणा जात नाही

एमपीएससीच्या मुलाखती जवळ आल्या की सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एक सल्ला फिरू लागतो: ‘गाबाची गोळी घे, चारचौघांत बोलायची भीती जाते.’ तसं होत नाही.

गाबा हे अमिनो आम्ल मेंदूला शांत करतं, हे खरं. पण तो गाबा मेंदू स्वतःच ग्लुटामेटपासून तयार करतो. गोळीतला गाबा रक्तात उतरतो आणि रक्त व मेंदू यांच्यामधल्या अडसराशीच बहुतांशी अडतो. ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लाचं वेगळं. त्यापासून सेरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित रसायन बनतं, पण मेंदूत शिरताना ट्रिप्टोफॅनला ल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन या इतर अमिनो आम्लांशी एकाच दारात रेटारेटी करावी लागते. जोडीला जिममधलं बीसीएए हे पूरक घेतलं (ल्युसिन, व्हॅलिनच ते!) तर वाट आणखी अरुंद.

मला खरी काळजी वाटते ती एसएसआरआय, म्हणजे सेरोटोनिनचा प्रभाव वाढवणारी नैराश्य-चिंतेवरची औषधं चालू असलेल्यांची. डॉक्टरांना न सांगता वर ट्रिप्टोफॅन घेतलं, तर सेरोटोनिन धोकादायकरीत्या वाढू शकतं. थरथर, घाम, ताप, गोंधळलेपण दिसलं तर थेट रुग्णालय गाठा.

या भीतीवर भक्कम पुरावा आहे तो सीबीटीचा, म्हणजे समुपदेशकाच्या मदतीने भीतीच्या प्रसंगांना पायरीपायरीने सामोरं जाण्याचा. गरज पडल्यास डॉक्टर औषधही देतात. कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे; मराठीतही बोलता येतं.