हात फिरवणं आणि पुन्हा लिहिणं

"कथा लिहून झाली, दोनदा हात फिरवला, आता पाठवते." नव्याने लिहिणाऱ्यांकडून हे मी सतत ऐकते. पाठोपाठ कथा येते. वाक्यं स्वच्छ असतात, शुद्धलेखन चोख असतं, आणि तरी ती वाचून संपल्यावर हाती काही लागत नाही. मग लेखक विचारतो, "आणखी एकदा हात फिरवू का?" तिथेच माझा जीव तुटतो. हात फिरवून सुटण्यासारखा तो प्रश्नच नसतो. ती कथा पुन्हा लिहायला हवी असते.

ही दोन कामं एकच वाटतात, कारण दोन्ही पहिल्या खर्ड्यानंतर येतात, दोन्हींत तेच पान समोर असतं आणि दोन्हींनी सारखाच थकवा येतो. हात फिरवताना आपण वाक्याला विचारतो, "तू नीट बसलायस का?" पुन्हा लिहिताना प्रश्न कथेला असतो. तू कोणाची गोष्ट आहेस? इथूनच का सुरू होतेस? सांगणारा हाच का? पहिल्या कामात कथेचं म्हणणं ठरलेलं असतं. दुसऱ्यात ते अजून सापडायचं असतं.

एक तुकडा जवळून पाहू. हा पहिला खर्डा:

"बाबा गेल्यानंतर तीन महिन्यांनी सुधा त्यांच्या खोलीत गेली. खोलीत सगळीकडे धूळ होती. तिला खूप वाईट वाटलं. टेबलावर बाबांचा चष्मा होता. तो पाहून तिचे डोळे भरून आले."

यावर हात फिरवला की असं होतं:

"बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. सुधाने त्यांच्या खोलीचं दार ढकललं. सगळ्या वस्तूंवर धुळीचा थर साचला होता. तिच्या पोटात कालवाकालव झाली. टेबलावरचा चष्मा पाहून डोळे पाणावले."

वाचायला बरं झालं, यात शंका नाही. 'खूप वाईट वाटलं' गेलं, दार ढकलण्याची कृती आली. पण सुधाबद्दल आपल्याला आधी जे ठाऊक होतं, तेवढंच आताही आहे. वडील गेलेल्या कुठल्याही मुलीचा हा परिच्छेद आहे.

आता वाक्यं सोडा आणि खोलीत उभ्या राहा. तीन महिने त्या खोलीत कोणीच गेलं नसेल, तर चष्म्यावरही धूळ हवी. आहे का? समजा, नाही. मग तो रोज कोण पुसतं?

"सगळीकडे धूळ होती. चष्म्याच्या काचा मात्र लख्ख होत्या. आई या खोलीकडे फिरकत नाही, असं सुधा तीन महिने सगळ्यांना सांगत आली होती."

ही आता आईची गोष्ट झाली. सुधाचे भरून आलेले डोळे लागतच नाहीत, कारण त्यांच्यापेक्षा मोठं काहीतरी खोलीत आलं आहे. कदाचित कथेची सुरुवातही बदलेल, कदाचित सुधा आता बाजूचं पात्र होईल. पुन्हा लिहिणं म्हणतात ते हे. शब्द बदलले ते परिणाम म्हणून.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकन लेखिका हार्पर ली यांचं आहे. १९५७ मध्ये त्यांनी प्रकाशकाकडे दिलेल्या हस्तलिखितात नायिका विशीतली होती. ती गावी परत येते आणि बालपण तिला आठवणींतून दिसतं. संपादक टे होहॉफ यांना खरी कादंबरी त्या आठवणींत दिसली. ली यांनी दोनेक वर्षं खपून बालपणच केंद्रस्थानी आणलं आणि १९६० मध्ये 'टू किल अ मॉकिंगबर्ड' आली. जुनं हस्तलिखित २०१५ मध्ये 'गो सेट अ वॉचमन' म्हणून छापलं गेल्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. गावाची काही वर्णनं दोन्हींत जवळजवळ शब्दशः सारखी आहेत. मला याचं फार अप्रूप वाटतं. वाक्यं काही ठिकाणी जशीच्या तशी राहिली, आणि पुस्तक संपूर्ण वेगळं झालं.

कधी दोन्ही कामं एकाच पानावर एकमेकांत मिसळतात. १९२९ च्या 'अ फेअरवेल टू आर्म्स' या कादंबरीचं शेवटचं पान आपण ३९ वेळा लिहिलं, असं अमेरिकन लेखक हेमिंग्वे यांनी मुलाखतीत सांगितलं होतं. २०१२ च्या आवृत्तीत त्यांच्या कागदपत्रांतले ४७ शेवट छापले आहेत. त्यातल्या काहींत शब्दांची उलटापालट आहे, तर एकात, कादंबरीत दगावणारं बाळ जगतं. शब्द शोधता शोधता तो माणूस मधूनच घटनाही तपासून पाहत होता.

मग क्रम कोणता? आधी पुन्हा लिहायचं, हात शेवटी फिरवायचा. यावर मी ठाम आहे, आणि कारण वेळेच्या बचतीचं नाही. घासूनपुसून लख्ख केलेलं वाक्य आपल्याला तोडवत नाही. माझ्या एका कथेचा पहिला परिच्छेद मी आठवडाभर घडवत बसले होते. कथा खरं तर तिसऱ्या पानावर सुरू होत होती, हे मला कधीचं कळलं होतं. पण तो परिच्छेद काढायचा म्हटलं की हात थांबायचा. वर्षभर कथा तशीच अडकून पडली.

पुन्हा लिहिण्यासाठी मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय साधा आहे. जुना खर्डा उघडूच नका. दोन-तीन आठवडे तो ठेवून द्या, मग नवी फाईल किंवा कोरा कागद घेऊन तीच कथा आठवणीतून लिहा. जुनं समोर असलं की बोटं आपोआप दुरुस्त्या करायला लागतात. आठवणीतून लिहिताना जे जिवंत आहे ते परत येतं आणि जे नुसतं जागा भरायला होतं ते गळून जातं. एखादं सुंदर वाक्य विसरलात, तर जुन्या खर्ड्यात ते आहेच.

उलट चूकही होते, मात्र कमी. कथा जागेवर बसलेली असते, सांगणारा योग्य असतो, आणि लेखक भीतीपोटी पुन्हा सगळं मोडतो. ओळखायची खूण अशी: नव्या खर्ड्यात पात्राबद्दल नवं काही कळत नसेल, नुसती मांडणी बदलत असेल, तर थांबा. आता हात फिरवायची वेळ झाली आहे.

आणि ते काम हलकं मुळीच नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांपैकी १४ नियम १९६२ चे आणि ४ नियम १९७२ चे. हे १८ नियम एका बैठकीत वाचून होतात, तेवढे वाचाच. पण नियमांपलीकडचं काम कानाचं आहे. सगळी कथा मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडखळते तिथे खूण करा, थांबून दुरुस्त करू नका, पुढे वाचत राहा. लागोपाठ चार वाक्यं 'होतं'वर संपली, की कानाला लगेच कळतं. डोळ्यांना कळत नाही.

सुधाचा तुकडा मी असाच मोठ्याने वाचला. 'मात्र' खटकला. धुळीनंतर लख्ख काचा आल्या की विरोध दिसतोच, तो बोट दाखवून सांगायला नको. शब्द काढला: "सगळीकडे धूळ होती. चष्म्याच्या काचा लख्ख होत्या."