ईयोब गप्प बसला नव्हता

ख्रिस्ती घरात कुणी गेलं की सांत्वनाला आलेलं कुणीतरी हमखास म्हणतं, “ईयोबासारखा धीर धरा. त्यानं तोंडातून ब्र काढला नाही.” ऐकणाऱ्याचा हुंदका घशातच अडकतो. रडणं म्हणजे विश्वास कमी, असं त्याला वाटू लागतं.

ईयोब म्हणजे बायबलच्या जुन्या करारातला तो सज्जन माणूस, ज्याची मुलं, संपत्ती, आरोग्य सगळं हिरावलं गेलं. पण त्याच्या नावाचं पुस्तक 42 अध्यायांचं आहे. “परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले” हे उद्गार पहिल्याच अध्यायातले. दुसऱ्यात तो राखेत बसून खापरीनं अंग खाजवतो, आणि तिसरा उघडताच आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. सातव्यात तर देवालाच म्हणतो, मला थुंकी गिळण्यापुरती तरी उसंत दे! याला गप्प बसणं कोण म्हणेल?

बायबलचा नंतरचा भाग, नवा करारही याकोबाच्या पत्रात (अध्याय 5, वचन 11) ईयोबाचं उदाहरण देतो, हे खरं. पण तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा रोख मुकाट सोसण्यापेक्षा तग धरण्यावर आहे.

खरी गंमत त्याच्या मित्रांची. अलीफज, बिल्दद आणि सोफर सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ नुसते बसले. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. मग तोंड उघडलं आणि सुरू झालं: तुझंच काहीतरी पाप असणार. शेवटी देव ईयोबालाही खडसावतो, दुःखाचं कारण मात्र सांगत नाही. आणि 42:7 मध्ये अलीफजला बजावतो: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत.