ऑर्गनची पट्टी कधी सोडायची?

पट्टी दाबली. ती तळाला टेकल्याचं बोटाला कळलं, पण सूर आला तो पाठीमागून, तीस मीटरवरून, माझं बोट पुढच्या पट्टीकडे निघाल्यावर. उत्तर जर्मनीतल्या एका जुन्या चर्चमध्ये वेदीजवळच्या कन्सोलवर, म्हणजे पट्ट्या आणि खुंटे असलेल्या वाजवायच्या जागेवर, मी बसले होते आणि पाइप होते मागच्या टोकाला, पश्चिमेकडच्या सज्जात. लहानपणापासून पेटी वाजवत आले आहे, म्हणून साधा अलंकार घेतला: सारेगम, रेगमप. दुसऱ्या ओळीतच बोटं अडखळली. शेजारी उभ्या असलेल्या ऑर्गनवादक बाई म्हणाल्या, "कानांकडे लक्ष देऊ नका. बोटं काय सांगताहेत ते ऐका."

आमचे पेटीचे मास्तर आयुष्यभर याच्या नेमकं उलट सांगत आले होते.

हिशेब सोपा आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे तीस मीटरला जवळजवळ 90 मिलिसेकंद लागतात. सेकंदाला आठ सूर पडतील अशा तुकड्यात प्रत्येक सुराच्या वाट्याला 125 मिलिसेकंद येतात. त्यातले 90 आवाज पोचण्यातच जातात, आणि मोठ्या पाइपांना सूर धरायलाही आणखी थोडा वेळ लागतो. आपलाच आवाज असा उशिरा कानावर आला की मेंदू गोंधळतो. फोनवर कधीकधी आपलं बोलणं क्षणभराने परत ऐकू येतं आणि आपण चाचरतो, तसंच. हा परिणाम 1950 पासून प्रयोगशाळांमध्ये तपासला गेला आहे. सुमारे 200 मिलिसेकंदांच्या उशिराला बोलणं सर्वांत जास्त बिघडतं. मोठ्या चर्चमधला ऑर्गनवादक रोज अशाच उशिराच्या सावलीत वाजवतो आणि अडखळत नाही, कारण लयीचा आधार त्याने कानातून काढून बोटांत आणि पावलांत नेलेला असतो. कान मोकळे होतात ते दुसऱ्या कामासाठी. त्या कामाकडे येतेच.

मराठी माणसाला ऑर्गन म्हटलं की आधी संगीत नाटक आठवतं. 1913 साली गंधर्व नाटक मंडळी सुरू झाली आणि बालगंधर्वांच्या गाण्यामागे भरून राहिलेला तो सूर पिढ्यान्‌पिढ्यांच्या कानात बसला. तो ऑर्गन आणि चर्चमधला ऑर्गन हे लांबचे नातेवाईक. नाटकातल्या ऑर्गनमध्ये पितळी पत्त्या, म्हणजे रीड, थरथरतात आणि पावलांनी भाता चालवून त्यांच्यावरून हवा आत ओढली जाते. चर्चच्या ऑर्गनमध्ये बहुतेक पाइप बासरीच्या जातीचे असतात. तोंडापाशी हवेचा पातळ पडदा धारदार ओठावर आदळतो, आत-बाहेर डोलतो, आणि पाइपमधला हवेचा स्तंभ त्या डोलण्याला आपल्या लांबीचा सूर देतो. आठ फुटी उघडा पाइप खर्जातला, साधारण 65 हर्ट्झचा सूर देतो. टोक बंद केलं तर तोच सूर निम्म्या लांबीत मिळतो, मात्र थोडा पोकळ, कारण सम क्रमांकाचे उपस्वर त्यात जवळजवळ नसतात. आणि इथली पावलं हवा भरत नाहीत. ती सूर वाजवतात. पायांखाली तीस किंवा बत्तीस पट्ट्यांची वेगळी ओळ असते, पेटीच्याच क्रमाची, पण लाकडी आणि लांब.

पेटीवाल्याला सगळ्यात जड जातो तो फरक निराळाच. पेटीवर भाता आपल्या हातात असतो. सूर फुगवता येतो, विरवता येतो, एखाद्या शब्दावर हलकासा दाब देता येतो. चर्चच्या ऑर्गनची हवा एका ठरावीक दाबाला बांधलेली असते आणि तो दाब फार थोडा असतो. जुन्या वाद्यांत तो साधारण 7 ते 10 सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका भरतो. शहाळ्यात स्ट्रॉ घालून पाणी आठ सेंटिमीटर वर ओढायला तोंडाने जेवढी ओढ लावतो, तेवढाच. वातावरणाच्या दाबाच्या एक टक्काही नाही. त्या चर्चचे ते हजारो पाइप एवढ्याशा फुंकरीवर दगडी भिंती थरथरवतात याचं मला अजून नवल वाटतं.

मात्र हा दाब बोटाच्या हुकमात नाही. पट्टी हळू दाबा की आपटा, सूर तेवढाच मोठा. सूर कमी-जास्त करायला काही पाइपांभोवती झडपांचा खोका असतो, पायाने झडपा उघडतात किंवा मिटतात, पण त्याने त्या खोक्यातले सगळे पाइप एकदम कमी-जास्त होतात. एका सुराला उठाव द्यायचा तर बळाचा काहीच उपयोग नाही. मग सम कशी दाखवायची? तालाचं वजन कुठून आणायचं?

बाईंनी याचं उत्तर एका पट्टीवर दाखवलं. चार सूर सरळ जोडून वाजवले. मग तेच चार, फक्त चौथ्याच्या आधी तिसरा किंचित लवकर सोडला. चौथा सूर एकदम उठून आला. मी शपथेवर सांगितलं असतं की तो जोरात वाजवला. तो तितकाच होता. त्याच्या आधी फक्त निमिषभर जागा झाली होती.

कान असेच चालतात. आवाज सुरू होण्याच्या क्षणाकडे ते फार लक्ष देतात, आणि त्या क्षणाआधी थोडी शांतता असली तर सुरुवात ठळक उमटते. चर्चमध्ये ही शांतता शांतता म्हणून ऐकूही येत नाही, कारण आधीच्या सुराचा घुमारा ती जागा भरून काढतो. ऐकणाऱ्याला खाच जाणवत नाही, जाणवतो फक्त पुढच्या सुराचा जोर. ऑर्गनवादकाचं निम्मं कसब मला यातच दिसतं: पट्टी कधी दाबायची याइतकंच ती कधी सोडायची. शिकवण्याचा मोठा भागही हाच. पियानोवरून आलेल्या विद्यार्थ्यांचं दाबण्याकडे पूर्ण लक्ष असतं आणि सोडण्याकडे अजिबात नसतं, असं त्या म्हणाल्या. पियानोचा सूर दाबल्या क्षणापासून विरू लागतो. ऑर्गनचा सूर बोट उचलेपर्यंत तसाच उभा राहतो, त्यामुळे उशिरा उचललेलं बोट लपत नाही.

किती लवकर सोडायचं, यावर घराणी आहेत. पॅरिसच्या सेंट सुल्पिस चर्चमध्ये 1870 ते 1971 या शंभर वर्षांत फक्त दोन मुख्य ऑर्गनवादक झाले, शार्ल-मारी विदोर आणि त्यांचे शिष्य मार्सेल द्युप्रे. (विदोर यांना 1870 मध्ये तात्पुरतं नेमलं होतं. ते चौसष्ट वर्षं राहिले.) या फ्रेंच परंपरेत सूर अखंड जोडण्यावर भर होता, आणि तोच सूर लागोपाठ आला तर मधली फट किती ठेवायची याचंही गणित होतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुनी वाद्यं, जुनी बोटरचना आणि जर्मन संगीतकार बाख यांच्या काळचे ग्रंथ पुन्हा अभ्यासले गेले, तेव्हा बाखच्या संगीतासाठी सूर थोडे सुटे ठेवण्याची पद्धत रुजली. दोन्हीकडे उत्तम वादक आहेत. मला सुटी पद्धत जास्त पटते, कारण मोठ्या घुमाऱ्यात तिने शब्द कळतात, गाणं नुसतं धूर होत नाही.

आता पावलांकडे. ऑर्गनवादक खाली बघत नाही. पावलांचा अंदाज गुडघ्यांच्या आणि घोट्यांच्या जाणिवेतून येतो. काळ्या पट्ट्यांच्या दोन गटांमधली मोकळी जागा बुटाच्या कडेने चाचपायची आणि तिथून अंतर मोजायचं. त्यासाठी बूट वेगळे असतात, चामडी तळाचे, निमुळते, थोड्या टाचेचे, फक्त ऑर्गनसाठी ठेवलेले. बाखच्या सहा त्रिसुरी सोनाटांमध्ये उजवा हात, डावा हात आणि पावलं अशा तीन स्वतंत्र ओळी चालतात आणि कुणी कुणाला सामील होत नाही. या सोनाटा त्यांनी थोरल्या मुलाच्या, विल्हेल्म फ्रीडमानच्या, तालमीसाठी रचल्या असं त्यांच्या पहिल्या चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे. आजही विद्यार्थी यांच्यावरच घासून निघतात. यात चुकतो तो बहुतेक वेळा डावा हात. पियानोवर त्याला खर्ज सांभाळायची सवय लागलेली असते. इथे खर्ज पावलांनी उचलला की डावा हात नकळत पावलांमागे जातो. म्हणून शिकवताना उजवा हात बाजूला ठेवतात आणि डावा हात आणि पावलं एवढीच जोडी आठवडेच्या आठवडे घोटतात.

स्पर्शावर एवढं सगळं चालतं म्हटल्यावर एक गोष्ट आपोआप उलगडते. या वाद्याच्या इतिहासात अंध वादकांची मोठी रांग आहे. ज्यांच्या नावाच्या लिपीबद्दल आपण शाळेत शिकलो ते लुई ब्रेल स्वतः पॅरिसमधल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. 1829 मध्ये त्यांनी आपली ठिपक्यांची पद्धत छापली तेव्हा तीत शब्दांबरोबर संगीतलेखनही होतं. पॅरिसच्याच नोत्र दाम चर्चचे वादक लुई व्हिएर्न जवळजवळ दृष्टिहीन होते. 1937 मध्ये कार्यक्रम चालू असताना वाद्यासमोरच त्यांनी प्राण सोडला. जर्मनीत हेल्मुट वाल्खा तरुणपणीच पूर्ण अंध झाले, तरी त्यांनी बाखचं ऑर्गन-संगीत पाठ केलं आणि ते दोनदा ध्वनिमुद्रितही केलं. त्यांची रीत अशी: कुणीतरी एकेक ओळ वेगळी वाजवून दाखवायची, ती ते मनात ठेवायचे, आणि सगळ्या ओळी मनातच एकत्र विणायचे. कागद नाही, पाहणं नाही. गुरूच्या तोंडून बंदिश घेणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला ही रीत अगदी घरची वाटेल.

मोकळे झालेले कान कशाला लागतात ते आता सांगते. कन्सोलच्या दोन्ही बाजूंना ओढायचे खुंटे असतात, त्यांना स्टॉप म्हणतात. प्रत्येक खुंटा पाइपांची एक अख्खी रांग उघडतो. त्यांच्यावर आकडे असतात: 8, 4, 2⅔, 2, 1⅗. हे फूट आहेत. 8 चा पाइप मूळ सूर देतो, 4 चा त्याच्या दुप्पट वारंवारतेचा, 2⅔ चा तिप्पट, आणि 1⅗ चा पाचपट. सा दाबला की 2⅔ मधून वरचा पंचम येतो आणि 1⅗ मधून त्याच्याही वरचा गंधार. हे सगळे एकत्र ओढले तर वेगवेगळे ऐकू येत नाहीत. कान त्यांना एकाच सुराचे उपस्वर समजतो आणि सुराचा रंग बदलतो.

त्या दिवशी 1⅗ चा खुंटा ओढल्यावर मला जुळलेला तानपुरा आठवला. तानपुऱ्यात गंधाराची तार नसते, तरी चांगला लागला की खर्जातून गंधार आपणहून ऐकू येतो. तोच स्वयंभू गंधार, तोच पाचवा उपस्वर. आपण तो जवारीतून काढतो. युरोपातल्या कारागिरांनी त्याच्यासाठी पाइपांची वेगळी रांग बांधली. मी हे बाईंना सांगितलं, आणि त्यांनी खर्जाचा आठ फुटी पाइप एकटा लावून बराच वेळ धरून ठेवला, त्यात गंधार सापडतो का ते बघायला. सापडला, अगदी बारीक.

कुठले खुंटे ओढायचे हे प्रत्येक चर्चमध्ये नव्याने ठरवावं लागतं. सतारिया आपली सतार घेऊन जातो. ऑर्गनवादक फक्त बूट घेऊन जातो. पाहुणा वादक कार्यक्रमाआधी कित्येक तास वाद्यापाशी घालवतो. एक जण वाजवतो, दुसरा खाली बसून ऐकतो, कारण वर सज्जात छान वाटलेला रंग खाली चिरका होऊ शकतो. शिवाय चर्च रिकामं आणि भरलेलं यांत फरक पडतो, माणसांचे कपडे घुमारा पितात. थंडीही आडवी येते. तापमान एक अंशाने वाढलं की बासरीच्या जातीचे पाइप सुमारे 3 सेंट चढतात. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर 100 सेंटचं, म्हणजे दहा अंशांत जवळजवळ तिसरा हिस्सा. पितळी जिभेचे, म्हणजे रीडचे, पाइप मात्र फारसे हलत नाहीत. त्यामुळे कार्यक्रमाआधी वाद्य जुळवणारा माणूस चढलेल्या हजारो पाइपांना हात लावत नाही. जिभेच्या मोजक्या रांगाच तो त्यांच्याशी मिळवून घेतो.

15 एप्रिल 2019 ला नोत्र दामला आग लागली तेव्हा तिथला सुमारे आठ हजार पाइपांचा ऑर्गन जळाला नाही, पण वितळलेल्या छपराची शिशाची धूळ त्याच्यावर बसली. तो उतरवून, साफ करून पुन्हा उभारला आणि रात्रीच्या शांततेत जुळवला गेला. डिसेंबर 2024 मध्ये दारं उघडली त्या संध्याकाळी आर्चबिशपांनी ऑर्गनला आठ वेळा हाक मारून जागं केलं, आणि प्रत्येक हाकेला वादकांनी तिथल्या तिथे सुचेल ते वाजवून उत्तर दिलं. फ्रान्समध्ये ही उपज ऑर्गनच्या शिक्षणाचा भाग आहे, तिची परीक्षा होते. आपल्याकडे विस्तार जमल्याशिवाय कुणाला गायक म्हणत नाहीत, तसंच.

दुपारनंतर बाईंची एक विद्यार्थिनी आली. बूट बदलून वर सज्जातल्या, पाइपांपाशीच्या दुसऱ्या कन्सोलच्या बाकावर बसली. सोनाटाच्या संथ भागातली चार मापं, म्हणजे तालाची चार आवर्तनं, डावा हात आणि पावलं. बाई खाली गेल्या, सज्जापासून मोजून तिसऱ्या रांगेत बसल्या, मीही. प्रत्येक समेआधीची फट ऐकू आली की त्या हात वर करायच्या. मुलगी वरच्या आरशात बघत होती. चौथ्या वेळेला चारही समांना हात वर गेला. मग बाई उठून शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या आणि तीच मापं पुन्हा मागितली. तिथे घुमाऱ्याने फट पार भरून टाकली होती. हात एकदाही वर गेला नाही. मुलीने फट वाढवली. शेवटच्या रांगेत सम उभी राहिली, पण तिसऱ्या रांगेत आता सूर तुटक लागत होते.

मुलीने वरून विचारलं, कुणासाठी वाजवू?

बाई मधल्या रांगेत, खांबाच्या बाजूला येऊन बसल्या आणि पहिल्या मापापासून घ्यायला सांगितलं.